बोहनीआधीचा चहा

ज्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी असते, त्यांनाच दुसऱ्याची बस ओझं वाटते.

शिरसवाडीच्या बाजारात प्रत्येक विक्रीवर बससाठी थोडा कर लागे आणि त्यावर नदीपलीकडच्या वाड्यांची बस चाले. नगराध्यक्ष नानासाहेब कोठारे यांनी ती बंद करायचं ठरवलं. बस गेली, की यमुनाच्या धाकट्या बहिणीचं कॉलेज सुटणार होतं. म्हणून यमुना थेट नानासाहेबांच्या कापडदुकानात जाऊन उभी राहिली.

“तुमच्या वाड्यांत धड एक दुकान नाही,” नानासाहेब म्हणाले. “कर भरतो आमचा बाजार आणि फिरता तुम्ही!”

“दुकानदार कर फक्त गोळा करतो, नानासाहेब. भरतं गिऱ्हाईक.”

“आणि ते गिऱ्हाईक तुम्हीच, याला पुरावा?”

“सोमवारी, बाजाराच्या दिवशी आणून देते.”

यमुना वाडीवाडीत फिरली, घराघरांत बोलली. सोमवारी नदीपलीकडून बस आली ती रिकामीच.

नानासाहेबांचा जुना नेम होता, की बोहनी झाल्याशिवाय दुकानात चहा यायचा नाही. मालकाला नाही आणि नोकरांनाही नाही. दुपार टळली तरी कुणी पायरी चढलं नाही. शेवटी यमुना आली, तसा नानासाहेबांचा चेहरा उजळला.

“ये पोरी, बस. काय दाखवू?”

“घ्यायला नाही आले, पुरावा द्यायला आलेय. चहा झाला का, नानासाहेब?”

नानासाहेबांची मान खाली गेली. कोपऱ्यात ठाणांच्या घड्या घालणारे म्हातारे दामूअण्णा हळूच म्हणाले, “मालक, बस राहू द्या चालू. पुढच्या सोमवारी तरी चहा वेळेवर मिळेल.”