सव्वीस वर्षांचं जाळं

मालवणजवळच्या एका खाडीकाठी यमुना चोडणेकर राहत होती. मच्छीमार नवरा वारल्यावर तिने घरातली एक खोली पर्यटकांसाठी सजवली. भिंतीवर नवऱ्याचं जाळं, कोपऱ्यात वल्हं, खिडकीपाशी होडीच्या फळीचं बाकडं; आत पाऊल टाकताच होडीत चढल्यासारखं वाटे. परवानगी मिळाली, तर या खोलीवरच तिचं घर चालणार होतं.

तपासणीला पर्यटन खात्याचे रायबागकर साहेब आले. जाळं बघताच त्यांनी नाक मुरडलं. "कल्पना बरी आहे, बाई. पण हे फाटून सांधलेलं जाळं काढा. बाजारातून नवंकोरं आणून लावा, मगच सही करीन."

यमुनाने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्या जागी कालच नोकरीला लागलेला माणूस तपासायला आला असता, तर चाललं असतं?"

"मुळीच नाही! सव्वीस वर्षं झिजलोय मी या कामात. नवख्याला काय कळतं?"

"हे जाळंही सव्वीस वर्षं समुद्रात झिजलंय, साहेब. नव्याला समुद्राचं काय ठाऊक?"

साहेबांनी जवळ जाऊन गाठींवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. "इथून पुढे हात बदललेला दिसतो."

"इथवरच्या गाठी त्यांच्या. पुढच्या माझ्या."

साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली.