सम्राटाला इर्जिकीचं बोलावणं

आंबेखोऱ्याचा राजा खड्गराज इतका जुलमी, की त्याच्यापुढे मान वर करणाऱ्याची रवानगी थेट अंधारकोठडीत व्हायची. हौसाबाई पाटलिणीचा नवरा तिथेच खितपत पडला होता. एक दिवस शेजारच्या बलाढ्य सम्राट वज्रसेनानं तिला दरबारात बोलावलं.

"बाई, माझी फौज तुमच्या राजाला गादीवरून खेचेल. रयत तुमचं ऐकते, तिच्या वतीनं आमंत्रण तेवढं द्या."

हौसाबाईनं मनाशी हिशेब केला. हो म्हटलं तर नवरा सुटणार होता. पण एकदा शिरलेली फौज परत कोण पाठवणार?

"या की, महाराज. पण आमच्या रीतीनं, इर्जिकीला या. नांगरटीला आमचं सगळं गाव बैल घेऊन एकाच्या शेतात राबतं. संध्याकाळी जो तो आपले बैल घेऊन घरी जातो, आणि पुढं त्याच्या शेतात आम्ही राबायला जातो."

"म्हणजे?"

"आज तुम्ही आमचा राजा काढा आणि फौज घेऊन परत जा. उद्या तुमच्या रयतेला तुम्ही नकोसे झालात, तर आम्ही कोयते घेऊन तुम्हाला काढायला येऊ. कबूल?"

सम्राट लालबुंद झाला. "माझ्याविरुद्ध कुणाची तक्रार आहे? विचार या दरबाराला!"

हौसाबाईनं वळून पाहिलं. सगळ्या माना खाली होत्या.

"विचारायचं कशाला? आमच्या राजाच्या दरबारातही माना अशाच खाली असतात. त्याला आम्हीच काढू." मग ती दरबाऱ्यांना म्हणाली, "तुम्हाला तुमचा काढायचा झाला, तर हाक मारा. इर्जिकीला आम्ही येऊ."

मागच्या रांगेतली एक मान हळूच वर झाली.