चार रंगांचा तोकुबेई

फार वर्षांपूर्वी, ज्या काळाची आठवण आता फक्त डोंगरांना असेल, तेव्हा जपानातल्या किरिगासे गावात तोकुबेई नावाचा सामुराई राहत होता. अंगानं धिप्पाड, मनानं लोण्यासारखा मऊ. पण त्याला काही म्हणता काही ठरवता येत नसे. आधी भात खावा की मासा, या विचारात त्याचं जेवण गार होऊन जाई, असं म्हणतात.

एकदा त्याला नवं चिलखत हवं झालं. तिकडचं चिलखत म्हणजे रेशमी गोफांनी एकमेकींना बांधलेल्या लोखंडी पट्ट्या. प्रत्येक सरदाराच्या सैन्याचा गोफ एकाच रंगाचा असे, त्यामुळे कोण चालून येतंय ते लांबूनच कळे. किरिगासेचं सैन्य म्हणजे एकटा तोकुबेई, तेव्हा रंग त्यानंच ठरवायचा होता.

गोफ विणणाऱ्या ओसेनबाईंना तो म्हणाला, "लाल करा." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "निळा बरा दिसेल का हो?" मग पांढरा, मग पिवळा. बाईंनी चारही गोफ विणले आणि मग त्यांचा पारा चढला.

"तोकुबेईसान, जीव नकोसा केलात माझा! आता देईन ते मुकाट्यानं घालायचं!"

त्यांनी छाती लाल बांधली, पाठ निळी, एक खांदा पांढरा आणि दुसरा पिवळा. तोकुबेई ते घालून अंगणात नाचला. गाव पोट धरून हसलं.

त्याच वर्षी भात कापून झाला आणि खिंडीतून लुटारू आले. धान्य गेलं असतं तर हिवाळ्यात पोरंबाळं उपाशी मेली असती. तोकुबेई घाबरला होता, पण धावत खिंडीत गेला. सगळीकडे दाट धुकं होतं. वाटेच्या मधोमध मोठा खडक. डावीकडे उभं राहावं की उजवीकडे? बिचाऱ्याला ठरवता येईना. तो डावीकडे गेला, उजवीकडे आला, वळला, पुन्हा फिरला, आणि मग खडकाभोवती नुसता पळतच सुटला.

खालून लुटारूंना धुक्यात लाल दिसलं. मग पांढरं. मग निळं.

"अरे, पिवळेपण आले!" त्यांचा म्होरक्या ओरडला. "चार सरदार एक झालेत! पळा!"

लुटारू असे पळाले, की त्यांच्या वहाणा खिंडीतच राहिल्या. त्या सकाळी धुक्यालाच चार रंग चढले होते, असं म्हणतात.

गावकरी पोचले तेव्हा तोकुबेई अजून पळतच होता. "ओसेनबाई, डावीकडे की उजवीकडे?" त्यानं धापा टाकत विचारलं. बाई हसता हसता रडल्या आणि म्हणाल्या, "आता घरी चला."

आजही कापणी झाली की किरिगासेत तोकुबेईचा दिवस असतो. गावातला सगळ्यात जाडा माणूस चार रंगांचं चिलखत घालून खडकाभोवती पळतो. पोरं "डावीकडे! उजवीकडे!" असं ओरडून त्याला दमवतात. आणि त्या दिवशी एखादं पोर मिठाईच्या दुकानात कुठली घेऊ, कुठली नको करत उभं राहिलं, तर दुकानदार त्याला बसायला देतो आणि म्हणतो, "सावकाश ठरव बाळा. तोकुबेईला पटकन ठरवता आलं असतं, तर आपलं गाव राहिलं नसतं."