कुमुदसरातला एकटा बेडूक

फार पूर्वी शिलावती नगरीत मणिरथ नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या एका अमात्याच्या घरी जन्म घेतला होता. सुयाम हे त्यांचे त्या जन्मीचे नाव. वडिलांच्या मागे तेच अमात्य झाले आणि राजाला योग्य सल्ला देत, प्रजेची कामे निभावत शांतपणे दिवस घालवू लागले.

नगराच्या पूर्वेला कुमुदसर नावाचे विस्तीर्ण तळे होते. संध्याकाळची कामे आटोपली की बोधिसत्त्व पत्नी सुनीथेला घेऊन तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसत. पावसाळ्यात तर ते एकही दिवस चुकवीत नसत. ऊन उतरले की आधी काठाच्या मातीतले खडबडीत पाठीचे भेक घुमू लागत. मग उथळ पाण्यातले मोठे पिवळे बेडूक गळे फुगवून डरांव डरांव करीत. वेळूच्या पानांवरचे हिरवे बेडूक मधूनच कुणी सुपारी फोडावी तसा आवाज काढीत. आणि कमळांच्या देठांमधून सगळ्यांत लहान बेडूक बोलत. ते अंगठ्याच्या नखाएवढे होते. त्यांचा आवाज चांदीच्या घुंगरावर एकदाच टिचकी मारावी तसा होता, म्हणून लोक त्यांना किंकिणी म्हणत. बोधिसत्त्व डोळे मिटून ऐकत. कोण कुणाला हाक मारतो आहे आणि कुणी ओ दिली, हे त्यांना कळत असे. सुनीथा कधी कधी हसून म्हणे की दरबारातही तुम्ही इतके मन लावून कुणाचे ऐकत नसाल. त्यावर ते म्हणत की दरबारात लोक बहुधा मला आवडेल तेच बोलतात, इथे तसे नाही.

राजा मणिरथ दुष्ट नव्हता. त्याला वीणेचे फार वेड होते. दक्षिण देशात कौशिकी नावाची एक वयोवृद्ध वीणावादिनी होती आणि तिची कीर्ती चहूकडे पसरली होती. राजाने अनेकदा निमंत्रण पाठवले, तेव्हा एका वर्षी तिने पावसाळा शिलावतीत घालवायचे मान्य केले. राजाला आनंद आवरेना. त्याने कुमुदसराच्या पाण्यात खांब रोवून सुंदर मंडप बांधवला. श्रावणातल्या एका संध्याकाळी तिथे कौशिकीची वीणा वाजावी आणि साऱ्या नगराने ती काठावर बसून ऐकावी, असे त्याच्या मनात होते.

मंडप तयार झाल्यावर राजाने आपल्या दरबारातल्या वादकांना तिथे बसवून पाहिले. बेडकांच्या आवाजात वीणा ऐकूच येईना. राजाचा चेहरा उतरला. उद्यानाची व्यवस्था पाहणारा रोहक नावाचा अधिकारी जवळच उभा होता. तो म्हणाला की यात अवघड काही नाही. मासे गुंगवण्यासाठी कोळी जी विषारी साल कुटून पाण्यात टाकतात, ती गाड्या भरून आणली आणि तळ्यात ओतली की सगळे गप्प होतील.

राजाने बोधिसत्त्वांना बोलावून हे काम त्यांच्यावर सोपवले आणि काम नीट झाले तर महामात्यपद तुमचेच, असेही सांगितले. बोधिसत्त्वांनी राजाला पुष्कळ समजावले. मंडप दुसरीकडे हलवता येईल, किंवा नगराबाहेरच्या टेकडीवर मैफल करता येईल, असे उपाय सुचवले. राजा ऐकेना. त्याला पाण्यावरचाच मंडप हवा होता.

शेवटी बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, त्यांच्या घरात आपण मंडप बांधला आणि आता ते बोलतात म्हणून त्यांना मारायचं. हे माझ्या हातून होणार नाही.”

“मग अमात्यपद सोडा,” राजा म्हणाला. रागाच्या भरात बोललेला शब्द त्याला परत घ्यावासा वाटला नाही.

बोधिसत्त्वांनी अमात्याची मुद्रा बोटातून काढून राजासमोर ठेवली आणि ते घरी आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी रोहकाच्या गाड्या येणार होत्या. सुनीथेने सगळे ऐकून घेतले. मग ती घरातली मडकी बाहेर काढू लागली.

दिवस मावळायच्या आत दोघे तळ्यात उतरली. शेजारपाजारची काही माणसेही आली. ओल्या गोणपाटात आणि मडक्यांत जेवढे बेडूक धरता आले तेवढे धरून ती नगरामागच्या डोंगरातल्या जुन्या दगडखाणीत नेऊन सोडू लागली. खाणीत पावसाचे पाणी साचले होते. काठावरचे भेक सहज हाती लागत, पिवळे बेडूकही सापडत. पण किंकिणी खोल पाण्यात कमळांच्या देठांना चिकटून बसलेले असत आणि हात जवळ गेला की निसटत. बोधिसत्त्व छातीभर पाण्यात उभे राहून खूप वेळ प्रयत्न करीत राहिले. अंधार दाटला तेव्हा त्यांच्या ओंजळीत एकच किंकिणी होता.

सकाळी गाड्या आल्या. विष पाण्यात मिसळले.

त्यानंतर जे झाले ते रोहकालाही अपेक्षित नव्हते. त्याला वाटले होते की बेडूक गप्प होतील. दुपारपर्यंत सारे तळे पांढरे दिसू लागले. लोकांना आधी वाटले की कमळे फुलली. जवळ गेल्यावर कळले की ती उलटी झालेली पोटे होती, एकाला एक लागून, या काठापासून त्या काठापर्यंत. त्यांत मासे होते, पाणसाप होते, कासवाची पिल्ले होती. घागर घेऊन आलेल्या बायका पायऱ्यांवरच थांबल्या. इतके जीव या पाण्यात राहत होते, हे कुणालाच माहीत नव्हते. लोक नुसते बघत राहिले.

राजाला ही बातमी कळली, पण तो पाहायला आला नाही. त्याने तळे साफ करण्याची आज्ञा दिली. सेवकांनी टोपल्यांनी मेलेले जीव उचलले आणि काठाला चंदनाचा धूप जाळला. ठरलेली संध्याकाळ आली तेव्हा मंडपात दिवे लागले होते आणि पाणी अगदी स्वच्छ दिसत होते.

कौशिकी आली. वयामुळे तिला कमी दिसत असे, म्हणून दोन शिष्यांनी तिला हाताला धरून मंडपात आणले. तिने वीणा मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि हात थांबवला. सगळे नगर वाट पाहत होते. ती मान थोडी वळवून कानोसा घेत राहिली. राजाला वाटले, ती मनाची तयारी करीत आहे. पण वेळ जात होता आणि तिचा हात तारांवर येत नव्हता.

“हे कुमुदसरच आहे ना?” तिने विचारले.

राजाने होकार दिला.

“मग आवाज कुठं गेला?”

राजा मोठ्या समाधानाने म्हणाला, “आर्ये, आपल्या वीणेत व्यत्यय नको म्हणून मी सगळे बेडूक नाहीसे केले.”

कौशिकीने वीणा मांडीवरून उतरवून खाली ठेवली. मग हळू आवाजात तिने सांगितले की गाणारे लोक धैवत हा स्वर बेडकाने दिला असे मानतात. तिचे गुरू तरुणपणी या तळ्याच्या काठी राहिले होते आणि किंकिणीचा आवाज ऐकून त्यांनी आपला धैवत लावला होता. तो आवाज या तळ्याखेरीज कुठेही नाही, असे ते सांगत. मरण्याआधी एकदा तो ऐकावा म्हणून ती इतक्या दूर आली होती. राजाच्या निमंत्रणाला तिने होकार दिला तो त्यासाठीच.

“महाराज,” ती म्हणाली, “मी वाजवायला आले नव्हते. ऐकायला आले होते.”

काठावर बसलेल्या हजारो माणसांतून कुणी खोकलेसुद्धा नाही. तेव्हा राजाला ती शांतता प्रथमच ऐकू आली. वाऱ्याने पाणी खांबांवर आपटत होते. बाकी काही नव्हते. ज्या तळ्याकाठी तो लहानाचा मोठा झाला होता, ते तळे त्याला ओळखू येईना. तो एकाएकी उठला आणि दिव्यांच्या उजेडात पाण्याकडे बघू लागला. जणू काही कुणी त्याला फसवून दुसऱ्याच गावी आणून सोडले होते.

गर्दीत बसलेल्या बोधिसत्त्वांना तिथे थांबवेना. पण घरी जाण्याऐवजी ते मंडपाकडे गेले आणि त्यांनी कौशिकीला सांगितले की एक किंकिणी जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोधिसत्त्व तिला डोलीतून दगडखाणीकडे घेऊन गेले. राजाही पायी मागून आला. त्याला कुणी बोलावले नव्हते आणि कुणी अडवलेही नाही. खाणीच्या पाण्याकाठी सगळे बसले. भेक घुमू लागले, पिवळे बेडूक बोलू लागले. मग त्या गलबल्यातून तो आवाज आला, स्वच्छ आणि एकच. कौशिकीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

किंकिणी हाक मारून थांबला. तेवढा वेळ थांबला, जेवढ्यात दुसऱ्याने ओ द्यावी. ओ आली नाही. त्याने पुन्हा हाक मारली आणि पुन्हा थांबला.

कौशिकीने वीणा मागून घेतली आणि अगदी हलकेच तोच स्वर छेडला. पाण्यातून लगेच उत्तर आले. तिने पुन्हा छेडला. या वेळी उत्तर जवळून आले. ती वाजवत गेली आणि तो जवळ येत गेला. शेवटी एक नखाएवढा ओला जीव दगडावर चढला, वीणेच्या भोपळ्याला येऊन टेकला आणि गळा फुगवून मोठ्याने हाक मारू लागला. राजा श्वास रोखून पाहत होता. असे काही त्याने आयुष्यात पाहिले नव्हते.

एकाएकी कौशिकीने तारांवर हात ठेवून आवाज बंद केला.

राजा म्हणाला, “का थांबलात?”

“त्याला वाटतंय, त्याचं कुणीतरी आलं,” ती म्हणाली. “मी त्याला फसवते आहे.”

किंकिणी वीणेपाशी बसून हाका मारीत राहिला. राजा थोडा वेळ ऐकत होता. मग तो बोधिसत्त्वांकडे वळला आणि त्याने हात जोडले.

“अमात्य, याची जोडीदारीण आणा. राज्यातली वाटेल तेवढी माणसं घ्या. माझं अर्धं राज्य घ्या.”

“महाराज, माणसं धाडू या,” बोधिसत्त्व म्हणाले. “पण कुठंच नसेल तर ती मला करता येणार नाही. आणि आपल्यालाही नाही.”

राजाने चारी दिशांना माणसे पाठवली. ती तळ्यातळ्याच्या काठी बसून ऐकून आली. काही ठिकाणी राजा स्वतः गेला आणि चिखलात बसून राहिला. किंकिणीचा आवाज कुठेही आला नाही. इकडे नगरात डासांचे लोट उठले. पाण्यात त्यांची पिल्ले खाणारे कुणी उरले नव्हते. तापाने घरोघर माणसे अंथरुणाला खिळली आणि त्यांत रोहकाची आईही गेली. दगडखाणीतले बेडूक आणून तळ्यात सोडावेत, अशी लोकांनी घाई केली. तेव्हा बोधिसत्त्व खाणीच्या वाटेवर आडवे उभे राहिले. पाण्यात अजून विष आहे, ते धुऊन जाईपर्यंत थांबायलाच हवे, नाहीतर उरलेलेही आपल्याच हातून मरतील, असे त्यांनी समजावले. राजाने त्यांची मुद्रा त्यांना परत दिली आणि या वेळी त्यांचे म्हणणे मानले. तळ्याचे पाणी सोडून देण्यात आले आणि नवे पाणी भरले. पुढच्या अनेक पावसाळ्यांनी ते निर्मळ केले. मग भेक आणि पिवळे बेडूक आपल्या पायांनी डोंगर उतरून परतले. वेळूतले हिरवे मात्र फार थोडे आले.

किंकिणी त्याआधीच गेला. तो असेपर्यंत राजा रोज संध्याकाळी खाणीवर जाऊन बसत असे. किंकिणी हाक मारून थांबे आणि राजा मान खाली घालून त्या थांबण्यात बसून राही. एका संध्याकाळी हाक आली नाही. राजा बराच वेळ वाट पाहून उठला आणि घरी गेला. पुढे जन्मभर त्याने कोणत्याही जिवावर शस्त्र किंवा विष चालवू दिले नाही. पण त्याच्या दरबारात वीणा पुन्हा वाजली नाही.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्धत्वाला पोहोचलेल्या याच बोधिसत्त्वांनी, ही कथा उत्तिय नावाच्या एका भिक्षूसाठी सांगितली. ध्यानात अडथळा होतो म्हणून त्याने त्याच दुपारी विहाराच्या पुष्करिणीतले बेडूक टोपलीत भरून तापलेल्या रस्त्यावर ओतले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा मणिरथ म्हणजे हा उत्तिय. वीणावादिनी कौशिकी ही आजची भिक्षुणी सुमेखला. अमात्य सुयाम मीच होतो.”

उत्तिय मान खाली घालून बसला होता. एका वृद्ध भिक्षूने विचारले, “भगवन्, आणि तो बेडूक? तो आज कोण आहे?”

“तो जीव पुढे कुठे ना कुठे जन्माला आला,” शास्ते म्हणाले. “पण किंकिणीचा जन्म त्यानंतर कुणालाच मिळाला नाही. जीव ज्या असंख्य रूपांनी येतात, त्यांतलं ते एक रूप आपण पुसून टाकलं. तिथं आता कुणालाच जाता येत नाही.”

बोलणाऱ्या आणि मुक्या, लहान आणि मोठ्या सर्व जिवांना आपले मानण्याची जी मैत्रीपारमिता, ती बोधिसत्त्वांनी त्या जन्मी आचरली. उत्तिय उठला. त्याने शास्त्यांना वंदन केले, पाण्याचे भांडे घेतले आणि उन्हात रस्त्याकडे धावत गेला.