साकवाखालचा मेस्त्री

“सांधे कुठं ठेवलेस, गुणाजी?”

“मधोमध, बुवा! तिन्ही फळ्यांचे सांधे एका रेषेत. बघा तरी, कसे देखणे दिसतात!”

गुणाजीचे सुतारकीतले गुरू बयाजीबुवा सांध्यांकडं बघत राहिले...

मी लाकडाचा व्यापारी. ओढ्यावर टाकायला सोळा हात लांब सलग वासा माझ्या वखारीत नव्हता, आखूड फळ्या मात्र ढीगभर. ‘नाही’ म्हणून गिऱ्हाईक परतवून लावणं माझ्या धर्मात बसत नाही. म्हटलं, गुणाजी, टोकाला टोक लावून फळ्या लांबव, अशा तीन-तीन शेजारी-शेजारी उभ्या धर, खुंट्यांनी आवळ, झाली तुळई!

पठ्ठ्यानं तशा दोन तुळया केल्या. सांध्यांच्या वरच्या अंगाला लोखंडी पट्ट्या ठोकल्या. साकव उभा राहिला.

दोन्ही काठांवर गाव लोटलं होतं. ढोल तर असा घुमत होता की माझ्या तोंडातलं पान रंगायचं राहिलं. बुवांनी सुतारकी सोडून मठी धरली, तरी आपली पटाशी जवळ ठेवली होती. साकव पार झाला की ती गुणाजीची. सात वर्षं तो तिच्याकडं डोळे लावून होता.

“मी तीनदा ये-जा केली, बुवा. आता हत्ती चालवा!”

“हत्ती आज कामात आहे. मीच जातो. तू खाली उभा राहा.”

आमच्याकडची रीतच ती. पहिलं पाऊल पडताना बांधणारा खाली, पाण्यात, बरोबर मधोमध.

गुणाजी हसत उतरला. गुडघाभर पाण्यातून त्यानं पलीकडच्या काठावरच्या सासऱ्याला हातसुद्धा केला.

बुवा चार पावलं गेले. मागून ढोलवाले चढले, दहा-बारा जण.

गुणाजीनं वर पाहिलं...

डोक्यावरच्या तुळईत तिन्ही सांध्यांनी एकदम तोंड उघडलं होतं. सुपारी शिरेल एवढं.

वरच्या कुणाला ते दिसत नव्हतं. त्याला एकट्याला दिसत होतं.

“थांबा! मागं फिरा! सगळे मागं!”

ढोल गप्प झाला. बुवांचं उचललेलं पाऊल तसंच राहिलं.

“का रे? साकव तर उभा आहे.”

“उभा आहे, बुवा... पण चुकलाय. एका फळीला सांधा आला, तर शेजारची तिथं अख्खी हवी होती. मी देखणेपणाला भुललो.”

लोक भराभर मागं आले. कुणीतरी हसलं. सासरा पागोटं सारखं करत भलतीकडं बघू लागला.

बुवा काठावरून पाण्यात उतरले. कमरेची पटाशी काढून त्यांनी गुणाजीपुढं धरली.

गुणाजीनं दोन्ही हात मागं घेतले.

“आता ही कशाला, बुवा? मला तर साकव मोडायचाय!”

“मग काय नखांनी मोडणार?”