निसणीचा घाट, पाय न टेकता

"…म्हणजे मी थांबलो असतो तर तो वाचला असता का, एवढंच सांगा बाबा."

हे विचारणारा माणूस सायकलवर होता. थांबलेला नव्हता. दर्ग्याच्या अंगणात, चिंचेच्या झाडाभोवती, संध्याकाळच्या धुक्यात गोल गोल फिरत होता.

बाबा ओट्यावर बसले होते.

माणूस झाडामागे गेला, परत पुढं आला.

"बाबा, ऐकू आलं का?"

"खाली उतर आणि विचार की," मी अंगण झाडता झाडता म्हणालो. "फकिराला असं विचारतात होय? जेवणाऱ्याच्या पानाभोवती माशी फिरावी तसा फिरतोयस."

"उतरता येत नाही काका. पाय टेकला तर बाद."

"कुणी सांगितलं?"

"आमचा नियम आहे."

आमचा नियम. घ्या.

गुळवणी नाव त्याचं. निरंजन गुळवणी. शहरात सिमेंटची एजन्सी. चाळिशी उलटलेली, घट्ट काळी चड्डी, डोक्याला टोपरं, डोळ्यावर पिवळा चष्मा. त्याच्यासारखीच आणखी काही जणं. सगळी बऱ्या घरची, पोटापाण्याला लागलेली. रविवार आला की सायकली काढतात. त्यांनीच आपसात एक पण काढला. पायथ्याच्या पुलापासून वरच्या कमानीपर्यंत निसणीचा घाट चढायचा, आणि मध्ये पाय जमिनीला लावायचा नाही. दम लागो, चेन पडो, पोटात गोळा येवो. पाय लागला की बाद.

घाट असा की भरलेला ट्रकसुद्धा पहिल्या गिअरात रडत येतो. ड्रायव्हर लोक वर पोचले की कमानीच्या अलीकडे, दर्ग्यासमोर गाडी लावतात, खाली उतरतात, अंग मोकळं करतात. ही माणसं उतरत नाहीत.

आणखी एक रीत आहे त्यांची. वाटेत आपल्यातला कुणी थांबलेला दिसला, तर जाता जाता विचारायचं, "ठीक?" त्यानं अंगठा दाखवायचा. झालं. विचारणारा मोकळा.

"कोण तो?" बाबांनी विचारलं.

"हेमचंद्र. हेमचंद्र करमळकर. माझा मित्र. शाळेपासूनचा."

"तो मागं राहिला?"

"छे. तो पुढं होता. नेहमी तोच पुढं असायचा."

सायकल झाडामागे गेली. आली.

"मागच्या वर्षी, आंब्याच्या वळणावर, तो कठड्यावर बसलेला दिसला. सायकल आडवी पडलेली. मी विचारलं, हेम्या, ठीक?"

"मग?"

"म्हणाला, ठीक. अंगठा दाखवला. हसला पण… मग मी गेलो."

"थांबला नाहीस."

"त्यानं ठीक म्हटल्यावर थांबू कशाला? तुम्हीच सांगा. न विचारता गेलो असतो तर गोष्ट वेगळी."

पुढचं मला ठाऊक होतं. याच्या मागून बाकीचेही त्याच्यासमोरून गेले. तोवर हेमचंद्राची मान खाली गेलेली. त्यांना वाटलं, पाय टेकला, बाद झाला, म्हणून रुसून बसलाय. "ठीक?" म्हणाले आणि गेले. शेवटी विटांचा ट्रक चढत आला, त्याचा ड्रायव्हर थांबला. त्यानं त्याला उचलून इथं आणलं. याच अंगणात ठेवलं. चादर मी टाकली.

तेव्हा ही मंडळी कमानीपाशी फोटो काढत होती.

त्या दिवशी पहिला कोण आला, ते मी विचारलं नाही. या गुळवणीच्या तोंडावर दिसतंय.

"डॉक्टर म्हणाले, हार्ट होतं," गुळवणी बोलत होता. "म्हणाले, तिथं कुणी थांबलं असतं तरी उपयोग झाला असता असं नाही."

"मग डॉक्टरानं सांगितलंय की," बाबा म्हणाले. "माझ्याकडे कशाला आलास?"

"सगळेच म्हणतात, निरू, तुझी काही चूक नाही."

"मग झालं की."

"हो, पण…"

"सगळे म्हणतात, डॉक्टर म्हणतो. मग फिरतोस कशाला?"

गुळवणीला राग आला. रागावलेला माणूस सायकलवर लई वाईट दिसतो. हातवारे करता येत नाहीत.

"कमानीपाशी सगळ्यांनी जमायचं ठरलंय म्हणून फिरतोय. आजची राईड हेमचंद्राच्या नावानं आहे. सगळे आले की कमान एकदम ओलांडायची. तोवर पाय टेकायचा नाही. मी पुढं आलोय, म्हटलं तेवढ्यात तुम्हाला विचारावं."

आज वर्ष झालं होतं. अंगातल्या बनियनीच्या पाठीवर सगळ्यांनी हेमचंद्राचा फोटो छापून घेतलेला. ज्या पणात माणूस गेला, त्याच पणानं त्याला श्रद्धांजली. अशी अक्कल कुठं मिळते हे एकदा बघून आलं पाहिजे.

मी हे मोठ्यानं बोललो असणार. बाबा म्हणाले, "तू गप."

"वळणावर त्याच्या नावाचा दगड पण बसवणार आहोत," गुळवणी म्हणाला. "सिमेंट माझं."

"त्या दगडाला काय विचारशील, जाता जाता?"

चेन तेवढी वाजत राहिली.

धुकं आता ओट्यापर्यंत आलं होतं. चिंचेवरून थेंब पडत होते. पाऊस संपून बरेच दिवस झाले, पण इथं वर झाडं सावकाश निथळतात.

"वहिनी सारखं विचारतात," तो एकदम म्हणाला. आवाज खाली आला होता. "मृदुलावहिनी. त्याची बायको. वर्षभर एकच… शेवटी काय म्हणाला? कसा दिसत होता? मी सांगितलंय, ठीक म्हणाला, हसला. तरी परत विचारतात."

"कुठं असते ती?"

"शहरातच. आज इथंच आल्यात. खाली वळणावर बसल्यात, त्याच कठड्यावर, हार घेऊन."

बाबांनी मान वर केली.

"आत्ता?"

"हो. मला बघून हात केला त्यांनी."

"मग?"

"मी विचारलं ना. ठीक ना वहिनी?"

"काय म्हणाली?"

सायकल झाडामागे गेली. या खेपेला यायला वेळ लागला.

"…चढ होता बाबा. दम लागला होता. मला ऐकू नाही आलं."

माझ्या जिभेवर एक शिवी आली होती. बाबांनी नुसता हात वर केला. मी गिळली.

चिंचेखालची फरशी कधी वाळत नाही, शेवाळ धरलेलं असतं. एवढा वेळ तो ती जागा चुकवत होता. आता त्याचं ध्यान नव्हतं. पुढचं चाक सरकलं. या लोकांचे बूट पेडलात अडकवलेले असतात, पाय लवकर सुटत नाही. उभं पोतं लवंडावं तसा सायकलीसकट आडवा झाला.

"ठीक आहे! ठीक आहे!" तो पडल्या पडल्या ओरडला.

कुणी विचारलंही नव्हतं.

बाबांचे गुडघे गेलेले. ओट्यावरून उतरायचं तर मला हात द्यावा लागतो. त्या दिवशी त्यांनी हात मागितला नाही. बसल्या बसल्या घसरत खाली आले, काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले आणि ओल्या फरशीवर त्याच्या शेजारी बसले.

गुळवणीनं कसाबसा पाय सोडवला. उठून बसला. कोपर फुटलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"बाबा, तुम्ही कशाला उतरलात? मी ठीक आहे."

बाबा बसून राहिले.

"म्हटलं ना, ठीक आहे मी."

"ऐकलं," बाबा म्हणाले. "सरक थोडा. खडा टोचतोय."

तो सरकला.

दोघं बसले. मी ओट्यापाशी उभा होतो, मलाच अवघडल्यासारखं झालं.

अंगण रस्त्याला लागूनच आहे. थोड्या वेळानं धुक्यातून त्यांच्यातला एक वर आला. जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. यांना बसलेलं बघितलं.

"निरू, ठीक?"

गुळवणीनं अंगठा दाखवला. तो गेला.

मग दुसरा आला.

"पडलास? अरारारा! बाद की रे! आता चहा तुझ्याकडं… ठीक ना?"

गुळवणी हसला. अंगठा दाखवला. तोही गेला. बाबा त्या अंगठ्याकडे बघत होते. त्यावर रक्त होतं.

सगळ्यात शेवटी एक जाडा आला. लाल झालेला, हँडलवर वाकलेला. त्याला मान वळवायचंही जड जात होतं.

"ठीक?"

गुळवणीचा हात उचलला गेला… आणि अर्ध्यात थांबला. परत फरशीवर आला. तो काही बोलला नाही.

जाडा पुढं गेला. त्याच्या पाठीवरचा हेमचंद्र हसत हसत धुक्यात गेला.

गुळवणी तिकडे बघत राहिला.

"बाबा, मी काहीच बोललो नाही."

"हं."

"त्याला कळलंच नाही. एकदा वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं."

बाबा काठीनं शेवाळ खरवडत होते.

कमानीकडून हाका यायला लागल्या. निरू, ए निरू! कुणीतरी शिट्टी मारली. गुळवणी जागचा हलला नाही. डोक्यावरचं टोपरं काढलं, पिवळा चष्मा काढला. चष्म्याखालचे डोळे साध्या माणसाचे होते.

"तो पण बोलला नव्हता," तो म्हणाला.

बाबांची काठी थांबली.

"ठीक म्हणाला, ते मी सांगतो सगळ्यांना. अंगठा, हसणं… तसलं काही झालं नाही. नुसता बघत होता. तोंड उघडं होतं. एक हात असा कठड्यावर… बोटं हलत होती त्याची बाबा. मी बघितलं. बघितलं आणि मला काय वाटलं माहितीय? वाटलं, टेकला याचा पाय. आज हा बाद."

त्याचं नाक वाहायला लागलं. त्यानं रक्ताच्या हातानंच पुसलं.

"शाळेपासून एकदा तरी मी पहिला यावं, एवढंच… मी जोर लावला बाबा. त्याच्या पुढं गेल्यावर मी अजून जोर लावला."

मला शिव्या पुष्कळ येतात. तेव्हा एकही सुचली नाही.

कमानीकडच्या हाका थांबल्या. त्यांनी कमान ओलांडली असावी, याच्याशिवाय. मग फोटोसाठी आरडाओरडा. मग तेही शांत.

"वहिनींना मी खोटं सांगितलंय," गुळवणी म्हणाला. "वर्षभर. त्यांना ते खोटं वाटतंय म्हणूनच परत परत विचारतात ना?"

बाबांनी आपल्या खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्याच्या कोपराला बांधलं. गाठ नीट बसली नाही. परत सोडून बांधली.

"खरं सांगितलं तर त्या माझं तोंड बघणार नाहीत."

"नाही बघणार."

"त्याची आई आहे अजून. तिला पण कळेल."

"कळेल."

"मग?"

बाबांनी काठी जवळ ओढली.

गुळवणी बराच वेळ बसला. मग उठला. पहिल्यांदा बाबांना हात देऊन उठवलं, हे मात्र त्यानं बरं केलं. मग सायकल उचलली, चाक फिरवून बघितलं. चाक चांगलं होतं.

"जातो खाली," तो म्हणाला. "सांगतो. जे झालं ते."

एक पाय पलीकडे टाकणार, तोच बाबांनी सीटवर हात ठेवला.

"ही राहू दे इथं. चालत जा."

"चालत? बाबा, अंधारून यायला लागलंय. वहिनी निघून जातील तोवर."

"जाईल कदाचित."

"अहो, सगळा उतारच आहे! एक पेडलसुद्धा मारावं लागत नाही, नुसतं बसलं की पोचतो माणूस."

बाबांनी सायकल आपल्याकडे ओढून घेतली.

"म्हणूनच."