दादाचा शेवटचा बुडबुडा

माणसांना चिखल म्हणजे नुसता चिखलच वाटायचा, तेव्हाची गोष्ट. भाताच्या खाचरात पाणी तुंबून मातीतली हवा संपली, की दोन जिवाणू भाऊ शेणखतातल्या नायट्रेटमधून श्वास काढायचे. दादा ते फोडून नायट्रस ऑक्साइडचा बुडबुडा करी. धाकटा त्यातला उरलेला प्राणवायू घेई आणि नायट्रोजनची साधी हवा सोडून देई.

एक दिवस दादा गेला. त्याचा शेवटचा बुडबुडा धाकट्याने कवटाळला.

“तुला नाही फोडणार! दादाचं एवढंच उरलंय.”

“वेड्या, मी असाच सुटलो तर वर जाऊन उन्हाची ऊब कोंडेन, आभाळाला ताप चढेल,” बुडबुडा म्हणाला. “आणि तू गुदमरतोयस. दादाने हा श्वास कुणासाठी ठेवला?”

धाकटा हमसून हमसून रडला. मग त्याने बुडबुडा फोडला आणि दादाने ठेवलेला श्वास पोटभर घेतला. उरलेली साधी हवा भाताच्या मुळांना घासत वर निघून गेली.